सातमच्या दुपारचा शेवटचा डाव

रोशनीने समोरचे सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मध्ये लोटले आणि हात परत मांडीवर ठेवले. दोन-चार चिंचोके घरंगळत माझ्या गुडघ्यापाशी आले. मी ते उचलून ढिगात ठेवले. तिचा चेहरा पदरामागे होता. शांतीचा अडकित्ता थांबला. इंद्रसिंग वर आढ्याकडे बघत होता. मी माझे दोन पत्ते पुन्हा उचलून पाहिले. ते तेच होते.

हेमकांतभाऊ, पत्र इथून सुरू करतो आहे, कारण मी इथेच अडकलो आणि अजून पुरता सुटलेलो नाही. नमस्कार राहिला, तो आता करतो. (वयाने तुम्ही लहान, पण माझ्या बायकोचे, शांतीचे भाऊ. म्हणून नमस्कारच.) तुमचा गुडघा कसा आहे? कामिनीवहिनींनी रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी, बरं वाटलं तरी घ्यावी. इकडे ब्राह्मणपुरीत आम्ही सगळे ठीक. पपईवर यंदा रोग कमी आहे. भरत शेतात वेळेवर जातो आणि वेळेवर येतो. तुम्ही विचाराल, फोन का नाही केला. आमच्या घरात फोनवर बोललेलं शांतीला दोन खोल्यांपलीकडे ऐकू जातं. मी लिहिलेलं मात्र ती चष्म्याशिवाय वाचत नाही, आणि चष्मा सध्या माझ्याजवळ आहे.

आधी दोष कोणाचा ते ठरवू. दोष तुमचा आहे. मागच्या दिवाळीत तुम्ही मला पोकरचं पुस्तक दिलंत, नवशिक्यांसाठी असलेलं. तुम्हाला ते कोणीतरी दिलं असणार, कारण पहिल्या पानावरचं नाव खोडलेलं आहे. मी ते ठेवून दिलं होतं. उन्हाळ्यात बोअरची मोटर दुरुस्तीला गेली, चार दिवस काम नव्हतं, तेव्हा काढलं. आपली तीन पत्ती म्हणजे नशीब आणि आवाज. हा खेळ तसा नाही. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. पाच पत्ते मध्ये उघडे मांडतात, आधी तीन, मग एक, मग एक. दर वेळी डाव वाढवायचा, समोरच्याने लावले तेवढे लावून बरोबरी करायची, किंवा पत्ते टाकून बाजूला व्हायचं. झाकलेले दोन आणि उघडे पाच मिळून ज्याचे पाच चांगले, तो जिंकला. पण पुस्तक म्हणतं, पत्ते हा खेळाचा लहान भाग आहे. मोठा भाग समोरचा माणूस. त्याला वाचायचं असतं. हात थरथरला तर पत्ते चांगले. पत्ते पाहून नजर लगेच स्वतःच्या ढिगाकडे गेली, तर तो डाव वाढवणार. जो जोरात बोलतो त्याच्याकडे काही नाही. मी हे वाचलं आणि मला वाटलं, अठ्ठावन्न वर्षं या गावात काढली, इथल्या माणसांना मी वाचू शकणार नाही तर कोण वाचेल?

सातम तुम्हाला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो. श्रावणातल्या आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या, आदल्या दिवशी आपल्यात चूल पेटत नाही. आदल्या दिवशीच्या दशम्या, पुऱ्या, दही. चहासुद्धा नाही. (चहा नसलेल्या माणसाने निर्णय घेऊ नयेत, असं त्या पुस्तकात असायला हवं होतं.) चूल नाही म्हणून बायका दुपारभर मोकळ्या, म्हणून पत्ते. आमच्या घरी पैसे लावत नाहीत. वाटीवाटीने चिंचोके वाटतो. मागच्या ओट्यावर बसायचं, समोरच्या गोठ्याच्या भिंतीवरून ऊन उतरेपर्यंत खेळायचं, आणि ऊन उतरलं की ज्याच्यासमोर जास्त चिंचोके, त्याने एक मागणी करायची. घरच्या कर्त्याने ती पुरवायची. वडिलांनी घातलेला नियम. शांतीने एके वर्षी म्हैस पश्चिमेला बांधायला लावली. इंद्रसिंगने दोन बरण्या लोणचं नेलं. भरतने लहानपणी हत्ती मागितला होता. हत्ती मिळत नाही म्हणून ती मागणी पडली. हे हत्तीचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यंदा भरत शेतावर गेला, चौथा गडी कमी पडला आणि शांती म्हणाली, रोशनीला बसवा. तीन वर्षांत आमची सून डावाला कधी बसली नव्हती. ती काय मागणार हे मला, शांतीला, इंद्रसिंगला आणि बहुधा म्हशीलाही ठाऊक होतं. तिला नाशिकला रक्त तपासण्याच्या कोर्सला प्रवेश मिळाला आहे. एक वर्षाचा. नवमीला स्वतः हजर राहायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. वसतिगृह भरलेलं आहे, याची चौकशी तिने तिची ती केली. सातपुड्याच्या गावांतून पोरं येतात, रक्तातला आजार तपासायला माणसं कमी पडतात, तालुक्याला काम लगेच मिळेल, असं तिचं म्हणणं. म्हणणं शांतीमार्फत आलं, कारण ती माझ्याशी बोलत नाही. भांडण म्हणून नव्हे. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर लाज काढते, म्हणजे पदर तोंडावरून खाली ओढते, आणि सरळ बोलत नाही. गावात बऱ्याच घरांतून हे गेलं. आमच्याकडे राहिलं. मुद्दाम कोणी ठेवलं नाही, कोणी काढलंही नाही.

मी नाही म्हणालो नव्हतो. मी तीन महिने 'देखसूत' म्हणत होतो. बघू म्हटल्याने कोणाचं वाईट होत नाही आणि तारीख आपोआप निघून जाते. कारण तुम्हाला सांगतो, बाकी कोणाला सांगू नका. आमच्या गल्लीतली एक सून अशीच एका वर्षासाठी पुण्याला गेली. सहा महिन्यांनी नवराही तिच्यामागे तिकडेच राहायला गेला. आता त्या घरात दोन म्हातारी माणसं टीव्ही मोठ्याने लावून बसतात, म्हणजे घरात कोणी बोलतंय असं वाटतं. मला रोशनी जाण्याची भीती नाही. तिच्यामागे भरत जाईल याची आहे. भरतला विचारलं तर तो म्हणतो, तुम्ही ठरवाल तसं. त्याला वाचणं सोपं आहे. त्याने महिन्याभरापूर्वी नवी बॅग आणली आणि पलंगाखाली ठेवली. मी पलंगाखाली वाकत नाही असा त्याचा समज आहे.

तर खेळ. पहिल्यांदा मी शांतीला वाचायला घेतलं. पत्ते हातात आले की तिची बोटं थरथरली. चांगले पत्ते, म्हणून मी माझे टाकले. उघडल्यावर तिच्याकडे दुर्री आणि सत्ती. पुढच्या डावाला पुन्हा थरथर, पुन्हा मी टाकले, पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की चहा नसल्यामुळे तिचे हात सकाळपासूनच थरथरत होते. मग मी हूल द्यायची ठरवली. हूल म्हणजे हातात काही नसताना असल्यासारखं खेळायचं. समोरचा घाबरून पत्ते टाकतो. पण शांती पत्ते टाकतच नाही. मी विचारलं, अगं, इतके वाईट पत्ते घेऊन शेवटपर्यंत कोण येतं? ती म्हणाली, "वाढेल ताट कोनी फेकस का?" वाटलेले पत्ते तिला वाढलेल्या पानासारखे वाटतात. सोडले तर पाप. अशा बाईला हूल देऊन उपयोग नाही. भिंतीला हूल दिल्यासारखं ते. माझी अर्धी वाटी तिच्याकडे गेली आणि मग तिने ती तशीच, पान न सोडता, रोशनीकडे घालवली. शेवटी वाटी उपडी केली आणि सुपारी फोडत बघायला बसली. हरल्याचं दुःख तिच्या तोंडावर नव्हतं. तेव्हाच मी काही ओळखायला हवं होतं.

इंद्रसिंगची गोष्ट वेगळी. तुम्ही त्याला लग्नात पाहिलं आहे, आमच्या शेजारचा, उंच, मिशा. चाळीस वर्षं बैलांच्या बाजारात दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा. भोवती वीस माणसं उभी असतात, त्यांना तोंडावरून कळू द्यायचं नाही. त्यामुळे इंद्रसिंगचं तोंड चाळीस वर्षांत काही बोललेलं नाही. (त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवशीही तो असाच आढ्याकडे बघत बसला होता.) मी तोंडाचा नाद सोडला आणि हातांकडे पाहिलं. त्याने मांडीवर गमछा टाकला होता आणि गमछ्याखाली उजव्या हाताची बोटं हलत होती. मला फार आनंद झाला. सवय! पत्ते पाहिले की तो आपोआप बोटांवर भाव मांडत होता. दोन बोटं वर आली तेव्हा एक जोडी, असं मी धरलं. दोन डाव ते बरोबर निघालं. तिसऱ्या डावाला पुन्हा दोन बोटं. माझ्याकडे तीन राण्या झाल्या होत्या. मी मोठा ढीग लावला. त्याने तीन राजे उघडले, जे तीन राण्यांच्या वर जातात.

तो म्हणाला, "रूपचंदभाऊ, चाळीस वरीस मी रुमालखाले हात घालेल शे. तू वरतीन देखी ऱ्हायना." मग चिंचोके ओढून घेत, "तुन्हं तोंड मातर बाजारनी पाटी शे. भाव लिखेल ऱ्हास." शांती हसली. पदरामागेही काहीतरी हाललं. मी पाणी मागितलं.

आता रोशनी. तिच्याकडे मी दुपारभर लक्षच दिलं नव्हतं. कारण सरळ आहे, बघण्यासारखं काही नव्हतं. पदर आणि दोन हात. हात स्थिर. नजर कुठे जाते ते दिसत नाही. ओठ दिसत नाहीत. बोलणं शांतीमार्फत, तेही एकेक शब्द. आई, बाबांना सांगा, टाकले. आई, बाबांना सांगा, बरोबरी. ज्या पुस्तकावर मी भरवसा ठेवला ते शहरातल्या माणसाने लिहिलं आहे. त्याच्या पुस्तकात काळा चष्मा लावून खेळणाऱ्यांवर दोन पानं आहेत. पदरावर एक ओळ नाही. पदर बाहेरून जाड दिसतो आणि आतून पातळ असतो, हे त्याला ठाऊक नसेल. मला ठाऊक असायला हवं होतं. माझी आई त्याच पदराआडून माझ्या आजोबांच्या ताटात किती भाकरी उरली ते बघत असे.

हळूहळू तिच्यासमोरचा ढीग वाढला. इंद्रसिंगकडून जिंकलेले, शांतीने घालवलेले, माझे. मी इकडे सावरलो होतो. दुपार कलली तेव्हा तिचा आणि माझा ढीग साधारण सारखा, इंद्रसिंगकडे मूठभर. पत्ते वाटले. मध्ये पहिले तीन उघडले, इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, बदामची चौकी. माझ्या हातात बदामचा राजा आणि चौकटची राणी. राजांची जोडी झाली. मी वाढवलं. इंद्रसिंगने पत्ते टाकले. रोशनीने बरोबरी केली. चौथा पत्ता इस्पिकची दुर्री. मी वाढवलं, तिने बरोबरी केली. पाचवा किलवरची सत्ती. आता उघड्यावर तीन इस्पिक. तिच्या हातात आणखी दोन इस्पिक असतील तर पाच एका रंगाचे होतात आणि माझे राजे पडतात. नसतील तर बहुधा मी जिंकतो. आणि ती शांतीला म्हणाली, "आई, बाबांना सांगा, सगळे." पुढचं तुम्ही वर वाचलं आहे.

मी किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. शांती म्हणाली, "पत्तासवर बसीसन पिल्लं निंघतीन का?" मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पुस्तक म्हणतं, घाई नको, समोरच्याला बघा. मी बघितलं. पदर. मग मी जे केलं ते वडील असताना झालं नसतं. मी शांतीला म्हणालो, तिला सांग, पदर वर करायचा असेल तर कर. खेळात तेवढं चालतं. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या कोणीतरी म्हटल्यासारखं वाटलं. इंद्रसिंगने आढ्यावरची नजर काढली नाही, उलट आणखी वर नेली. शांतीने सांगायची गरजच पडली नाही. रोशनीने पदर कपाळापर्यंत मागे सारला आणि माझ्याकडे पाहिलं.

हेमकांतभाऊ, मला काही वाचता आलं नाही. चेहरा चांगला होता. डाव्या भुवईजवळ लहानपणीची खूण आहे. ती मला ठाऊक नव्हती. गाल थोडे आत ओढलेले. ते भीतीने की नेहमीच तसे, हे मला कळायला मार्ग नव्हता. ओठ घट्ट होते. ते नेहमी घट्ट असतात का? डोळे माझ्या डोळ्यांवर होते. सगळ्या सुना अशाच बघतात का, हे मी कोणाला विचारणार? तीन वर्षं ही मुलगी माझ्या घरात आहे. माझ्या औषधाच्या वेळा तिला पाठ आहेत. आणि मी तिच्याकडे स्टँडवरच्या अनोळखी बाईकडे बघावं तसा बघत होतो. मग ती बोलली. पहिल्यांदाच, सरळ माझ्याशी. म्हणाली, "बाबा, पाणी आणू का?" शाळेतल्या मराठीत म्हणाली, तलाठ्याशी बोलतात तशी.

दुपारभरात मी पाच वेळा पाणी मागितलं होतं. प्रत्येक वेळी मी डगमगलो होतो तेव्हाच, हे मला त्या क्षणी कळलं. तिला पहिल्या वेळीच कळलं असणार.

मी पत्ते टाकले. पुस्तकाप्रमाणेच केलं. पुस्तक म्हणतं, खात्री नसेल तर पत्ते टाका, ढीग सांभाळा, पुढचा डाव आहेच. मी पत्ते गोळा करून पिसायला घेतले. इंद्रसिंगने मान खाली केली आणि म्हणाला, "ऊन गयं." मी गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत सगळी सावलीत. तो आढ्याकडे बघत नव्हता, आढ्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप बघत होता. रोशनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझी पाठ होती. पुढचा डाव नव्हता. तो शेवटचा होता हे तिथल्या तिघांना ठाऊक होतं. शेवटचा डाव असेल तर टाकण्यात काय अर्थ? नाहीतरी हरणार, मग उघडून हरावं. हे कोणतंही लहान मूल सांगेल. मी पुस्तकातल्या पुढच्या डावासाठी चिंचोके वाचवत होतो.

तिने मागणी केली. नाशिक.

संध्याकाळी पुस्तक काढलं. मी छप्पन्नाव्या पानापर्यंत गेलो होतो. बासष्टाव्या पानात केसाची पिन होती. तिथे लिहिलं आहे, कोणालाही वाचण्याआधी त्याचा नेहमीचा चेहरा ठाऊक हवा. तो काहीच करत नसताना, तांदूळ निवडताना, वाट बघताना कसा दिसतो, ते आधी पाहून ठेवा. मगच बदल कळतो. मी पान मिटलं. पिन होती तिथेच ठेवली.

आता कामाचं. नियमाप्रमाणे मी मागणी पुरवायला बांधलेला आहे आणि शब्द मोडणार नाही. पण जी पुरवता येत नाही ती मागणी पडते. हत्ती आठवा. वसतिगृह भरलं आहे. नाशिकमध्ये आमचं घर म्हणजे तुमचं घर. तेव्हा तुम्ही एवढंच करा, उद्या सकाळी नऊच्या आत शांतीला फोन करून सांगा की वरच्या खोलीत रंगकाम काढलं आहे, किंवा कामिनीवहिनींच्या माहेरची माणसं वर्षभरासाठी यायची आहेत, किंवा तुम्हाला सुचेल ते. खोटं मोठं नको, पटेल एवढंच. पत्र आज रात्री शहाद्याहून नाशिकला जाणाऱ्या केळीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतो, तो तुमच्या दारातून जातो. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका. कामिनीवहिनींना नमस्कार. गुडघ्याला एरंडेल चोळून बघा.

तुमचा,
रूपचंद

ता. क. केळीची गाडी आज नाही. सणामुळे तोड बंद आहे. पाकीट चिकटवायला डिंक मागितला तो रोशनी घेऊन आली. पदर कपाळावर होता. पुन्हा खाली गेलेला नव्हता, आणि खाली घे असं शांतीही म्हणाली नाही. मी डिंक लावत सहज विचारलं, शेवटी हातात काय होतं? ती म्हणाली, पुस्तकात लिहिलंय, पैसे न भरता पत्ते दाखवायचे नसतात. मी म्हटलं, चिंचोके. ती म्हणाली, तेच. मग मी विचारलं, मी टाकणार हे कशावरून ओळखलंस? पाण्यावरून? ती म्हणाली, "पाण्यावरून नाही, बाबा. तुम्ही तीन महिन्यांत एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत. ज्याच्याकडे पत्ते असतात तो 'नाही' म्हणतो. तुम्ही नुसतं 'देखसूत' म्हणत होतात." मी डिंक जास्त लावला. ती गेली नाही. पाकिटाकडे बघून म्हणाली, "मामांना जागा नाही म्हणायला सांगितलंत ना?" मी म्हटलं, छे, पपईच्या भावाबद्दल आहे. तिने पाणी आणून दिलं. मी मागितलं नव्हतं.

ता. क. २. म्हशीला चारा घालायला गेलो तेव्हा इंद्रसिंग कुंपणापलीकडे होता. मी त्याला भरतचं सांगितलं, बॅगेचं, पुण्याच्या सुनेचं, सगळं. त्याने ऐकलं. म्हणाला, बाजारात जो आपला बैल दुसऱ्याला बघूच देत नाही, त्याचा बैल शेवटी बांधलेलाच राहतो. मग म्हणाला, माझा मुलगा इथेच आहे, शेजारच्या खोलीत, आणि दोन वर्षांत माझ्याशी बोललेला नाही. हे बोलताना त्याचं तोंड नेहमीसारखंच होतं.

ता. क. ३. वरचा रंगकामाचा मजकूर खोडला आहे असं समजा. खरोखर खोडला असता, पण मागच्या पानावरचं हरलेल्या डावाचं वर्णन खराब होईल आणि ते मला बरं जमलं आहे. रोशनीला वरची खोली द्या. ती भाड्याचं विचारेल. तुम्ही 'देखसूत' म्हणा, तिथे तो शब्द चालेल. तिला कारलं चालत नाही, पण सांगणार नाही, पान पूर्ण करील. हे शांतीने शिकवलं आहे. रोज सकाळी सातला ती मला औषधाची आठवण करून देते, आजवर शांतीमार्फत देत होती. तिकडून फोनवर दिली तर मला राग येणार नाही, असं तिला कळेल अशा बेताने सांगा. भरत महिन्यातून एकदा येईल. जास्त वेळा आला तर मला कळवा. कळवू नका. तुम्हाला वाटेल तसं करा. आणि तिच्याकडे येता-जाता बघत जा, जेवताना, वाचताना, काही करत नसताना. पुढच्या सातमला ती घरी येईल तेव्हा तिचा नेहमीचा चेहरा कसा असतो ते मला विचारायचं आहे.

हे पत्र तिच्याच हाती देतो. पाकीट चिकटवलं आहे, पण त्याला अर्थ नाही.

आठम, सकाळ. रोशनी सहा दहाच्या गाडीने गेली. भरतने शहाद्याच्या स्टँडवर सोडलं, तिला खिडकीची जागा मिळाली. पत्र द्यायचं राहून गेलं. भरत परत आल्यावर म्हणाला, वरच्या खोलीचं शांतीने तुमच्याशी आठ दिवसांपूर्वीच ठरवलं होतं, तुम्ही खोलीला रंगही देऊन ठेवला आहे. पत्र पोस्टाने पाठवतो आहे.